दर हजारी तीन

लक्झेंबर्ग, १४ सप्टेंबर १९५२

ओदीलताई,

पत्र परतच पाठवायचं असेल तर निदान याही वेळी वाचून पाठव. मागची दोन पाकिटं फोडलेली परत आली, म्हणजे तू वाचतेस एवढं कळलं. समासात पेन्सिलीनं जे लिहिलंस तेही कळलं. "वैरी परवडला, असला भाऊ नको." लहानपणी माझ्या पाटीवर तू असेच शेरे मारायचीस आणि मास्तर वर म्हणायचे, पोरगी बरोबर बोलते.

सरकारी करखात्यातली बरी खुर्ची सोडून मी सहा देशांच्या या नव्या मंडळात गेलो, आणि तिथं माझ्या टेबलाला टेबल लावून एक जर्मन बसतो. तुझा सगळा राग एवढ्यावरच आहे ना? मग त्या जर्मनाबद्दल सांगून टाकतो. नाव डालकाम्प. रूरमध्ये कोळसा विकणाऱ्या कचेरीत हिशेब ठेवायचा. दुपारी पावावर डुकराची चरबी फासून वर कच्चा कांदा खातो आणि मग माझ्याकडे तोंड करून बोलतो. शिंकतो तेव्हा खिडक्या हलतात. हसताना मी त्याला अजून पाहिलेलं नाही. तुझ्या डोळ्यांपुढे जो जर्मन आहे, बूट आणि चाबूकवाला, तो हा नव्हे. पण हा जर्मन आहे, आणि मला रोज सकाळी त्याला नमस्कार करणं जड जातं. हे तुला सोडून मी कुणाला सांगितलेलं नाही.

आता मंडळाबद्दल. सहा देशांचा कोळसा आणि पोलाद एका छताखाली आणायचं, म्हणजे कुणाला चोरून तोफा ओतता येणार नाहीत, हे तू पेपरात वाचलं असशील. पण पेपरवाले एक गोष्ट लिहीत नाहीत, कारण त्यांना ती कंटाळवाणी वाटते. या छताखालचा खर्च कुणी करायचा? आत्ता आम्ही सहा सरकारांनी उसने दिलेल्या पैशांवर पगार घेतोय. परवा त्यावरच बैठक झाली.

आमचे साहेब वोकलँ, फ्रेंच, मिशा मेणानं टोकदार केलेल्या. ते म्हणाले, "वर्गणीच बरी. सहा सरकारं, सहा धनादेश. तगादा लावायचा तरी सहाच दारं."

"आणि एखाद्या सरकारनं धनादेश दाबून ठेवला तर?" मी विचारलं.

"तर आपण नम्रपणे वाट पाहू."

"म्हणजे वर्गणीदार पहिल्या पंगतीत बसणार आणि आचाऱ्याला मीठ किती घालायचं ते सांगणार!"

साहेबांना ते लागलं. इटलीचा बेर्तोल्ली हळूच म्हणाला की सरहद्दीवर कोळशाला जकात असते, तिच्यातला वाटा मागावा. त्यावर सगळेच हसले, कारण ती जकात उठवायलाच तर आम्ही जमलोय. हसू ओसरलं तेव्हा डालकाम्प उभा राहिला. त्याचं फ्रेंच ऐकवत नाही, पण बोलला ते असं. "सरकारांना मध्ये घालूच नका. खाणीनं टनामागे थेट भरावं. भट्टीनं थेट भरावं. करारात तसा अधिकार आहे."

ताई, मी वीसेक वर्षं कर गोळा केला. कराच्या मागे राजा असतो, झेंडा असतो, शेवटी दारात शिपाई असतो. इथं राजा नाही, झेंडा नाही, शिपाई तर औषधालाही नाही. रेल्वेच्या जुन्या कचेरीतल्या काही खोल्या आणि चार भाषांत भांडणारी माणसं. आणि ही माणसं म्हणतायत की सार्डिनियापासून डुइसबुर्गपर्यंत प्रत्येक खाणीवर आम्ही पट्टी बसवणार. मी खुर्चीत बसल्या बसल्या थक्क झालो. वेडेपणा असला तरी एवढा मोठा वेडेपणा मी जन्मात पाहिला नव्हता.

तुझा,
आलोइस


६ नोव्हेंबर १९५२

ताई,

पत्र परत आलं. शेरा वाचला. "१९४० साली जर्मनांनी आमच्या खाणीचा पंप उचलून नेला. पावती अजून माझ्याकडे आहे. तुझा कांदेखाऊ ती वटवतो का विचार."

मी विचारलं. खरंच विचारलं. वाटलं होतं तो चिडेल, मग मलाही चिडता येईल. डालकाम्पनं पाव खाली ठेवला, रुमालानं हात पुसले. "पंप कितीचा होता?"

"मला काय माहीत! माझ्या बहिणीची खाण आहे. बेल्जियममध्ये, शार्लरुआजवळ. तांत-आडेल म्हणतात तिला."

"पावतीवर सही कुणाची?"

"तुमच्यापैकीच कुणाची तरी."

त्यानं रुमालाची घडी घातली. मग म्हणाला, "ती पावती कुणीच वटवणार नाही, श्रांत्झ. तुमच्या बहिणीच्या जागी मी असतो तर पत्रं परतही केली नसती. चुलीत घातली असती." आणि पुन्हा पाव खायला लागला. मला त्याचा राग यावा असं फार वाटलं, पण आला नाही. राग येत नाही, याचाच राग आला.

पट्टीचं म्हणशील तर आमचं घोडं दुहेरी आकारणीपाशी अडलं होतं. कोळशावर पट्टी घेतली. त्याचा कोक झाला, त्यातून लोखंड झालं, त्यावर घेतली. लोखंडाचं पोलाद झालं, त्यावर पुन्हा. म्हणजे गव्हावर कर, पिठावर कर, पावावर कर, एकाच दाण्याला तीनदा चावा. पंधरा दिवस आम्ही फळ्यावर बाण काढत होतो. शेवटी ठरलं की प्रत्येक पायरीला आधीच्या पायरीवर भरलेलं वजा करायचं. डालकाम्प आणि बेर्तोल्ली, एकाचं गणित दुसऱ्याला समजत नव्हतं आणि भाषा तर नव्हतीच, तरी दोघांचं उत्तर एकच आलं. तेव्हा बेर्तोल्लीनं त्याच्या पाठीवर थाप मारली. डालकाम्पला पाठीवर थाप मारल्यावर काय करायचं असतं ते माहीत नव्हतं. तो खडूनं माखलेला तसाच उभा राहिला.

पण दुसऱ्या एका गोष्टीत मी हरलो, आणि ती तुझी गोष्ट आहे. पट्टी विक्रीच्या किमतीवर नाही, टनामागे ठरावीक सरासरी मोलावर लागणार. तुझा कोळसा पातळ थरातला, माणूस आडवा होऊन खणतो तेव्हा कुठे निघतो. रूरचा थर माणसाच्या उंचीएवढा. आणि दोघांच्या टनाला मोल एकच. मी बैठकीत टेबलावर हात आपटला.

वोकलँ साहेब म्हणाले, "श्रांत्झ, तुमची स्वतःची खाण आहे वाटतं?"

"माझी नाही. बहिणीची."

सगळे हसले. मीही हसलो, नाही तर काय करणार? प्रत्येकाला आपल्या खाणीच्या मापाची पट्टी शिवून दिली तर ती पट्टी राहत नाही, हे मला ठाऊक आहे. ठाऊक असून मी भांडलो, एवढं तुला कळावं.

आलोइस


४ डिसेंबर १९५२, सेंट बार्बराचा दिवस

ताई,

आज तुझ्याकडे खाणकाम्यांची देवी चर्चमधून बाहेर निघेल, वाजंत्री वाजेल आणि सगळे कामगार दुपारपर्यंत झिंगतील. गास्पार असता तर सर्वांत मोठ्यानं बेसूर त्यानं गायलं असतं. माझा मेहुणा गायला लागला की देवीसुद्धा कानांवर हात ठेवते, असं तू म्हणायचीस.

इतक्या पत्रांत मी त्याचं नाव घेतलं नाही, कारण ऑगस्टमध्ये तू कार्डावर लिहिलंस की ते नाव माझ्या तोंडून निघायला नको. आज घेतो. १९४३ मध्ये आपल्या लक्झेंबर्गची पोरं, जर्मन फौजेत जबरदस्तीनं भरलेली, पळून तुझ्याकडे आली. गास्पारनं त्यांना जुन्या बोगद्यात ठेवलं, रोज भाकर खाली नेली. कुणीतरी चुगली केली. त्याला नेलं आणि त्याची थडग्यापुरती मातीसुद्धा परत आली नाही. हे मी विसरलो असं तुला वाटतं. ताई, मी याच गोष्टीसाठी इथं आलोय. तोफा ओतणाऱ्या भट्ट्यांचा हिशेब आता आपल्याला दिसेल. भट्टीत किती गेलं आणि किती बाहेर पडलं, हे पट्टीमुळे दर महिन्याला लिहून द्यावं लागेल. डालकाम्पच्या देशातल्या भट्ट्यांनासुद्धा. आणि तो आकडा लक्झेंबर्गच्या एका श्रांत्झच्या टेबलावर येईल. गास्पारला हे सांगितलं असतं तर त्याला पटलंच नसतं. पोट धरून हसला असता.

दर ठरला. सुरुवातीला मोलाच्या दर हजारी तीन. नव्या वर्षापासून.

आलोइस


११ फेब्रुवारी १९५३

ताई,

या वेळी तू माझं पत्र नाही, मंडळाचा कागदच परत पाठवलास. मी उघडला आणि माझे कान तापले.

नोटीस जर्मनमध्ये होती. "खाणमालकिणीनं मासिक उत्पादन विनाविलंब कळवावं." खाली तुझी पेन्सिल. "१९४० सालीही असाच कागद आला होता. शब्दसुद्धा तेच. तेव्हा खाली कुण्या मेजरची सही होती, आज माझ्या भावाची."

कसं झालं ते सांगतो. माफी मिळावी म्हणून नाही, पण मी हे मुद्दाम केलं असं तू समजू नयेस म्हणून. बेल्जियमच्या कायद्यात बाईचं नाव लग्नानंतरही बापाचंच राहतं. खाण तुझ्या नावे, म्हणजे यादीत "श्रांत्झ, ओदील, गास्पार डेलव्हिन्यची विधवा". आमच्या नोंदणी विभागातल्या शहाण्यांनी गावं पाहिली नाहीत, आडनावं पाहून गठ्ठे केले. डेलव्हिन्य असतं तर फ्रेंच गठ्ठ्यात गेलं असतं. श्रांत्झ दिसलं, टाकलं जर्मन गठ्ठ्यात. सह्या करताना माझ्यापुढे फक्त शेवटची पानं होती. आपल्या बापाचं नाव तुझ्या दारात जर्मन होऊन गेलं, आणि मी खाली सही केली.

मी नोंदणी विभागात जाऊन जो तमाशा केला तो तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेला म्हणे. "तुम्हाला माहीत आहे का, कुणाच्या घरी काय पाठवलंत?" मी ओरडत होतो. तिथला पोरगेला कारकून रडकुंडीला आला. मागून डालकाम्प आला, त्यानं माझ्या हातातून कागद घेतला, आपल्याच भाषेतला तो मजकूर सावकाश वाचला आणि म्हणाला, "हे मी लिहिलंय. मसुदा माझा होता. दुसऱ्या कशा शब्दांत लिहायचं ते मला सुचलं नाही. आम्हाला कागद लिहायला असंच शिकवलंय." त्या दिवशी दुपारी त्यानं जेवण केलं नाही. बसून जर्मन नोटिशीचा नवा मसुदा लिहिला. त्यात "कृपया" हा शब्द इतक्या वेळा आलाय की वोकलँ साहेबांनी निम्मे काढून टाकले.

सोबत फ्रेंच कागद आहे. आता नीट वाच, कारण यात दोन गोष्टी आहेत.

एक, पट्टी. दर हजारी तीन, दर महिन्याला. उत्पादन तूच लिहायचं, रक्कम तूच काढायची, बँकेत मंडळाच्या खात्यात तूच भरायची. तपासायला दारात कुणी येणार नाही, कारण पाठवायला कुणी नाहीच. नाही भरलंस तर दंडाचा कागद निघेल, आणि त्यावर सही माझी असेल.

दोन. ही नवीन आहे, बसून वाच. बेल्जियमच्या खाणी महाग पडतात. बाजार सगळ्यांना खुला झाला की रूरच्या स्वस्त कोळशापुढे त्या टिकणार नाहीत. म्हणून करारात असं घातलंय की काही वर्षं जर्मन आणि डच खाणींनी आपल्या प्रत्येक टनामागे आणखी थोडं भरायचं, आणि ते बेल्जियमच्या खाणींना द्यायचं. तुला द्यायचं. तू विकलेल्या टनाला घाट्याची भरपाई म्हणून.

मी ते कलम वाचलं तेव्हा वाटलं, भाषांतर चुकलंय. चारही भाषांत पाहिलं. चारही भाषांत तेच आहे. ताई, पंप उचलून नेणारे आता तुझ्या खाणीला टनामागे पैसे देणार. जिंकलेल्यानं हरलेल्याकडून खंडणी घ्यावी तसे नाही, त्यांनी त्यासाठी स्वतः सही केलीय.

आलोइस


१९ मार्च १९५३

ताई,

तुझा मुकादम झेनोब आज कचेरीत आला होता. त्याला बोल लावू नकोस, तो तुला न विचारता आलाय आणि परत जायच्या आधीच घाबरलाय. टोपी हातात धरून बोलला. "मॉस्य आलोइस, बँक कर्ज देत नाही. पगार ईस्टरपर्यंत पुरतील. पुढे खाणीला कुलूप. पावणेदोनशे माणसं आहेत हो खाली, आणि मालकीण म्हणते जर्मनांच्या भिकेवर माझा पाळणा हलणार नाही."

"पाळणा म्हणजे खाणीत उतरायचा?" मागून डालकाम्पनं विचारलं. त्याला सगळं नीट समजून घ्यायचं असतं.

झेनोबनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. माझ्याशीच बोलला. "दोन्ही कागद तसेच पडलेत. पट्टीचाही आणि भरपाईचाही. मी म्हटलं, मादाम, सही करा. तर म्हणाली, गास्पारच्या बदल्यात टनामागे किती देतात ते विचारून ये."

तुझी जीभ अजून तशीच आहे. मला वाईट वाटलं आणि तू आहेस याचं बरंही वाटलं.

आता मी पाहिलं ते तुला सांगायलाच हवं, नाही तर माझी छाती फुटेल. फेब्रुवारीअखेर पहिली पट्टी भरायची होती. आम्ही सगळे तोंडानं हसत होतो, पण आतून प्रत्येकाला वाटत होतं की कुणीच भरणार नाही. का भरावं? आपल्या राजाला फसवणारी माणसं या बेनाम खोल्यांना का भिणार? वोकलँ साहेबांनी तर सरकारांकडे पुन्हा उसने मागायचं पत्र लिहून तयार ठेवलं होतं.

मग एके सकाळी बँकांकडून पाकिटं आली. बेर्तोल्लीनं पहिलं फोडलं आणि एकदम उभा राहिला. मग दुसरं. मग आम्ही सगळेच फोडायला लागलो. कुणी खुर्चीवर बसेना. लोरेनहून आले. सारहून आले. लिंबुर्गहून, लिएजहून, टस्कनीतल्या एका छोट्या भट्टीहून. कुणाचं किती हे तुला सांगता येत नाही, कायद्यानं तोंड बांधलंय, आणि तू बहीण असलीस तरी ते सुटणार नाही. पण एवढं सांगतो, ज्या नावांवर तू थुंकशील ती नावंही होती. त्यांनी वेळेवर, पूर्ण, कुणी न विचारता भरलं होतं. मी सरकारी कचेरीत वीस वर्षं लोकांच्या दारात उभा राहिलो, शिव्या खाल्ल्या, जप्त्या केल्या, आणि असं कधी पाहिलं नव्हतं. बेर्तोल्लीनं क्रूस केला. डालकाम्प खिडकीकडे तोंड करून उभा होता. त्याला म्हटलं, "काय झालं?" तर म्हणाला, "काही नाही. आम्ही याआधी सगळ्यांकडून घेतलं. सगळ्यांबरोबर कधी भरलं नव्हतं."

मला देवळात गेल्यासारखं झालं. तू हसशील, आकड्यांना कसलं देऊळ म्हणशील. हस.

पण ज्यांनी भरलं नाही त्यांची यादी दुपारी माझ्याकडे आली. लहानच आहे. तुझं नाव तिच्यात आहे, या वेळी फ्रेंच गठ्ठ्यात. त्या कागदावर मी सही कशी करू? आणि नाही केली तर ज्यांनी भरलं त्यांना तोंड कसं दाखवू?

आलोइस


२५ मार्च १९५३

ताई,

वाट निघाली! घाईत लिहितोय.

लहान खाणींसाठी माफीची तरतूद आहे. तुझा महिन्याचा आकडा मर्यादेच्या जरा वरच आहे, पण खाणीतल्याच बॉयलरला आणि कामगारांच्या घरांना जाणारा कोळसा बाजूला काढला की तू मर्यादेखाली येतेस. वोकलँ साहेबांना विचारलं, ते म्हणाले चालेल, विधवा आहे, युद्धात नवरा गेलाय, कुणी हरकत घेणार नाही. तू पट्टी भरायची नाहीस. कागदही मीच भरून पाठवतोय, फक्त सही कर. भरपाईचा अर्ज वेगळा आहे, त्याला पट्टीशी देणंघेणं नाही, तो पैसा तुला मिळेलच. म्हणजे जर्मन भरतात त्या पेटीत तुझा एक सांतीमही पडणार नाही आणि खाणही चालेल. सुंभही राहील आणि पीळही राहील. याहून जास्त मला काही करता येत नाही. ईस्टर जवळ आलाय. सही कर, ओदील.

आलोइस


तांत-आडेल, २ एप्रिल १९५३

आलोइस,

तुझा माफीचा कागद मी चुलीत घातला. परत पाठवायलाही तिकीट लागतं.

तुला अक्कल बापानं दिली, आईनं दिली, मग गेली कुठे? आठ महिने मला सांगतोस की सगळे भरतात, रूरवाला भरतो, टस्कनीचा कुणी भट्टीवाला भरतो, बघून तू देवळात गेल्यासारखा होतोस. आणि मग स्वतःच्या बहिणीला म्हणतोस, तू भरू नकोस, तू बिचारी, तुझा नवरा गेलाय, तू नुसती घे. अरे, मग मी कोण झाले? न भरता घेणाऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात ते तुला माहीत आहे. जर्मनाचा पैसा मला नको होता तो याच कारणासाठी. तू तो माझ्या पदरात तसाच टाकायला निघालास. तुझ्या त्या साहेबाला सांग, गास्पार माफीसाठी मेला नाही.

तो कागद आल्या दिवसापासून मी या एका गोष्टीवर जळत होते. काल सकाळी उत्पादनाची वही घेऊन बसले. बॉयलरचा कोळसासुद्धा सोडला नाही. खाणीच्या तोंडाशी आला तो प्रत्येक टन लिहिला. झेनोब म्हणाला, मादाम, इतकं खरं लिहायची गरज नाही. मी म्हटलं, गप बस, तिकडे लक्झेंबर्गला माझा भाऊ चारही भाषांत तपासतो. जानेवारी आणि फेब्रुवारी दोन्ही महिन्यांची पट्टी काढली. उशिराचा दंडही काढला, दंडाच्या कागदावर तुला सही करावी लागायला नको. मग भरपाईच्या अर्जावर सही केली. आधी पट्टी, मग तो. क्रम मुद्दाम सांगते. आता जे येईल ते मी घेईन. ज्या भांड्यात माझं पडलं, त्यातून मला वाढून घ्यायला लाज वाटत नाही, मग त्यात शेजारी कुणाचंही असो.

डालकाम्पला मी माफ केलेलं नाही. तसं त्याला कळव. पण नवी नोटीस त्यानं लिहिली असेल तर बरी लिहिलीय. ईस्टरला तू ये. एकटा ये. पुढच्या वेळचं पुढच्या वेळी पाहू. खाली माणसं कामावर आहेत, पगार आता निघतील असं झेनोब सगळ्यांना सांगत फिरतोय, मी त्याला अडवलं नाही.

आज शार्लरुआला जाऊन पैसे स्वतः भरून आले. खिडकीतल्या कारकुनानं कागद उलटासुलटा केला. म्हणाला, "मादाम, हे कर खातं तर आपल्या सरकारचं नाही. मग जमा कुणाच्या नावे करू? फ्रान्सच्या?"

"नाही."

"जर्मनीच्या?"

"थोबाड रंगवीन," मी म्हटलं.

"मग कुणाचं आहे हे?"

आलोइस, मी तिथं उभी राहिले. हातात गास्पारच्या खाणीचे पैसे, समोर तो मुलगा पेन धरून बसलेला. आणि मग एकदम कळलं, आणि सगळ्या अंगावर काटा आला. तू इतकी पत्रं लिहिलीस आणि हे नीट लिहिलं नाहीस.

"आमचं आहे," मी म्हटलं.

"आमचं म्हणजे कुणाचं, मादाम?"

मागे रांग लागली होती, म्हणून मी त्याला समजावत बसले नाही.

ओदील